बोअर, शेततळे की संत्रा: सात एकरांच्या पाण्याचा हिशेब

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. दारव्हा तालुक्यात सात एकर वावर, त्यातले पाच एकर भारी काळे आणि वरच्या धुऱ्याकडचे (बांधाकडचे) दोन एकर बरड, म्हणजे उथळ मुरमाड. बरडाच्या खालच्या अंगाला वीस फूट व्यासाची, चाळीस फूट खोल विहीर, जी जानेवारीच्या अखेरीस तळ दाखवते. खरिपात सोयाबीन आणि तूर, त्यानंतर पाणी पुरेल तेवढा हरभरा. भावाचा आग्रह तीनशे फूट बोअर मारण्याचा आहे, कृषी सहायक प्लॅस्टिकचे शेततळे घ्या म्हणतात, आणि मेहुण्यांनी वरुडकडून संत्र्याची कलमे आणून देण्याची तयारी दाखवली आहे. हाती पैसा एकाच कामापुरता आहे, म्हणून आधी काय करावे, असे आपण विचारता.

मृदसंधारणाच्या कामात वर्धा आणि यवतमाळ या दोन जिल्ह्यांत माझी अठ्ठावीस वर्षे गेली. त्या अनुभवावर सांगायचे तर तिन्हींपैकी एकालाही आत्ता हात घालू नये, असे माझे मत आहे. आपण विहीर आटण्याला आजार धरले आहे, आणि तिथेच हिशेब चुकतो, असे मला वाटते. सोयाबीन ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सोंगून, वावर ओले असतानाच ऑक्टोबरच्या मध्याला हरभरा पेरला, तर त्याचे पहिले पाणी तीस-पस्तीस दिवसांनी, म्हणजे नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, आणि दुसरे साठ-पासष्ट दिवसांनी, घाटे भरताना, म्हणजे डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास येते. त्यानंतर हरभऱ्याला पाणी लागत नाही. जानेवारीअखेर आटणारी विहीर त्यामुळे आपल्या आजच्या पीकपद्धतीत अपुरी ठरत नाही. ती अपुरी पडते गव्हाला, उन्हाळी भुईमुगाला आणि संत्र्याला. जे पीक अजून लावलेले नाही त्याच्यासाठी बोअर मारायचा की जे पीक दरवर्षी घेतो त्याचे उत्पन्न पक्के करायचे, हा आपल्यापुढचा खरा प्रश्न आहे.

आता आकडे मांडू, कारण पाण्याचे बोलणे लिटरात आल्याशिवाय पक्के होत नाही. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे 4,047 लिटर पाणी पडले. आपल्याकडे साधारण वर्षी 900 मिलिमीटर पाऊस धरला तर एकरी 36 लाख लिटर, आणि सात एकरांवर अडीच कोटी लिटरांहून अधिक पाणी पडते. उताराच्या भारी जमिनीत त्यातला पाव हिस्सा वाहून जातो असे धरले तरी साठ लाख लिटरांहून अधिक पाणी, आणि त्याबरोबर वरची सुपीक माती, दरवर्षी नाल्याने खाली जाते. आपल्या शेजारच्या गावांत कोरडे गेलेल्या तीन बोअरांवर खर्च झालेला पैसा या वाहून जाणाऱ्या पाण्यावर कधी खर्च झाला का, हे एकदा विचारून पाहावे.

दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा आहे आणि तो सहसा कोणी सांगत नाही. मीटरभर खोल भारी काळी जमीन पिकाच्या मुळांना घेता येईल असे सुमारे 180 ते 200 मिलिमीटर पाणी धरून ठेवते. हे एकरी सात ते आठ लाख लिटर झाले. आपल्या पाच एकरांत ही साठवण छत्तीस ते चाळीस लाख लिटरांच्या घरात जाते. ज्या शेततळ्याची आपण चौकशी करता आहात, म्हणजे तोंडाशी 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद आणि 3 मीटर खोल, एकास एक उताराच्या काठांचे, त्यात काठोकाठ भरल्यावर सुमारे 22 लाख लिटर पाणी मावते. आपल्या पायाखालची काळी माती अशा जवळपास पावणेदोन तळ्यांइतके पाणी धरते, तेही प्लॅस्टिकशिवाय आणि विजेच्या मोटरीशिवाय.

अडचण अशी की काळी माती पाणी धरते खरी, पण सावकाश पिते. उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडलेल्या असतात, त्यामुळे मृगाचे पहिले पाऊस ती घटाघट पिऊन टाकते. एकदा ती फुगली आणि भेगा मिटल्या की तासाला काही मिलिमीटरांपलीकडे पाणी मुरत नाही. जुलैत दोन तासांत साठ मिलिमीटर पाऊस कोसळला तर त्यातला बहुतेक वाहणारच. म्हणून काळ्या जमिनीत पाणी अडवण्याचा अर्थ त्याला वावरात थोडा अधिक वेळ थांबवणे, आणि जे मुरणार नाही त्याला माती न नेता बाहेर पडायला वाट देणे, असा दुहेरी आहे. यातले एकच केले तर फजिती होते.

ही फजिती मी स्वतः केलेली आहे, म्हणून सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका गावात, पुस्तकात शिकलो तसे, भारी जमिनीवर मी समपातळी, म्हणजे एकाच उंचीच्या रेषेवरचे, बांध घालून घेतले. बांध सुरेख झाले, पाहुण्यांना नेऊन दाखवण्यासारखे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये झड लागली. बांधाच्या वरच्या अंगाला पाणी तुंबून आठवडाभर हलले नाही आणि पंधरा-वीस तासांची (ओळींची) तूर चिबडून पिवळी पडली. एका म्हाताऱ्या कास्तकाराने रात्री फावड्याने बांध फोडला. सकाळी त्या फोडलेल्या जागी गुडघाभर खोल घळ पडलेली होती. मी त्यांच्यावर रागावलो, आणि ते इतकेच म्हणाले, “साहेब, पाणी अडवलं बरोबर, पण त्याले जायले दार तं ठेवा.” समपातळी बांध हलक्या आणि मध्यम जमिनीसाठी असतो. भारी जमिनीला किंचित उतार दिलेला ढाळीचा बांध लागतो, आणि त्याच्या टोकाला दगडी सांडवा. आपल्याकडे दोन्ही प्रकारची जमीन असल्याने दोन एकर बरडावर समपातळी बांध आणि पाच एकर काळ्यात ढाळीचे बांध, असा फरक ठेवावाच लागेल. ठेकेदार एकाच मापाने सगळे ओढून देईल, त्याला तसे करू देऊ नका.

बांधाच्या मधल्या जमिनीत जे करायचे त्याला विद्यापीठाच्या भाषेत मूलस्थानी जलसंधारण म्हणतात. प्रत्यक्षात ते फार साधे आहे. पेरणी उताराला आडवी करावी. धुऱ्याच्या सोयीने उभे तास काढले तर प्रत्येक तास पाटासारखा वाहतो. बीबीएफ यंत्र, म्हणजे रुंद वरंबा आणि दोन्ही बाजूंना सरी पाडणारे पेरणी यंत्र, गावात भाड्याने मिळत असेल तर सोयाबीन त्यानेच पेरावे. पावसाचा खंड पडला तर सरीतली ओल पिकाला मिळते आणि झड लागली तर तीच सरी पाणी बाहेर काढते. यंत्र मिळाले नाही तरी अडत नाही. सोयाबीन महिन्याचे झाले की शेवटच्या डवरणीला (कोळपणीला) डवऱ्याच्या दोन्ही दात्यांना, पासेच्या (पात्याच्या) वर, सुताची जाड दोरी गच्च गुंडाळावी. माती दोन्हीकडे लोटली जाते आणि ओळींमध्ये चार-पाच बोटे खोल सरी पडते. तीन-चार तासांआड एक अशी सरी पुरते. दोरी किती जाड गुंडाळायची हे पहिल्या दोन तासांत बैलजोडीच्या चालीवरून कळते. माती झाडाच्या बुडाशी चढायला हवी, झाड झाकले जायला नको. अर्ध्या दिवसाचे काम आणि घरची दोरी, एवढाच खर्च. तूर सोयाबीनमध्ये आंतरपीक म्हणून असेल तर तुरीच्या तासाला लागून सरी ठेवावी, कारण तुरीला तुंबलेले पाणी सर्वांत आधी बाधते.

सोयाबीनचे कुटार (मळणीनंतरचा भुसा) विकून किंवा जाळून टाकू नये, हेही याच हिशेबात येते. गुरांपुरते ठेवून उरलेले वावरात पसरले तर ऑक्टोबरच्या उन्हात जमिनीची ओल उडत नाही, आणि हरभऱ्याची उगवण त्या ओलीवरच होते. पऱ्हाटी (कापसाची झाडे) जाळणाऱ्या शेजाऱ्यांना मी वर्षानुवर्षे समजावत आलो. आता ट्रॅक्टरवर चालणारी श्रेडरे आल्यावर काही जण ऐकू लागले आहेत.

आता विहीर आणि बोअर. आपला भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. या खडकात पाणी असते ते वरच्या मुरमात, सच्छिद्र मांजऱ्या दगडात आणि फटींत. घट्ट काळ्या पाषाणात ते नसते. खडकाच्या एकूण आकारमानापैकी प्रत्यक्ष बाहेर काढता येणारे पाणी एक ते तीन टक्केच असते. दोन टक्के धरून पाहा. एका एकराखालची पाण्याची पातळी एक मीटरने उतरली तर त्यातून मिळतात फक्त सुमारे 81,000 लिटर. एकराला मोकाट पद्धतीने 50 मिलिमीटर पाणी दिले, म्हणजे दोन लाख लिटर, तर त्या एकराखालची पातळी अडीच मीटर खाली गेली. म्हणूनच आपल्या भागात विहिरी झपाट्याने उतरतात. त्यात कोणाची नजर लागलेली नसते. याचीच दुसरी, सुखाची बाजू अशी की पातळी एक मीटरने वर आणायला अवघे 20 मिलिमीटर पाणी मुरवावे लागते. पाण्याच्या बाबतीत निसर्गाने विदर्भाच्या पश्चिम भागाला छोटी तिजोरी दिली आहे. ती लवकर रिकामी होते आणि लवकर भरतेही.

तीनशे फूट बोअर ही तिजोरी मोठी करत नाही. सहा इंची आणि तीनशे फूट खोल बोअर काठोकाठ भरला तरी त्यात सतराशे लिटरही मावत नाहीत. आपली विहीर भरली तर तिच्यात साडेतीन लाख लिटर उभे असतात. बोअर फटींतून पाणी ओढतो. फट लागली तर दोन-चार वर्षे मोटर छान चालते, आणि बहुतेक वेळा त्या फटीतले पाणी आपल्याच किंवा शेजाऱ्याच्या विहिरीकडे जाणारे असते. वरुड-मोर्शी भागात संत्र्यासाठी हजारो बोअर खोदले गेले, एकापेक्षा एक खोल गेले, आणि भूजलाचा अतिवापर झालेला भाग म्हणून त्याचे नाव झाले. मेहुण्यांनी ही गोष्ट जवळून पाहिलेली असेल, त्यांना विचारावे. शिवाय महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, 2009 ने 60 मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे 200 फुटांपेक्षा खोल विहिरींना वेगळे काढून त्यांच्यावर निर्बंध ठेवले आहेत. तीनशे फुटांचा बोअर सुचवणारा गाडीवाला हे सांगणार नाही.

आधी आपल्या विहिरीचे बळ मोजा. याला लागते एक दोरी, टोकाला दगड, आणि दर फुटाला एक गाठ. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळी मोटर चालवून विहीर उपसा, पाणी कुठवर आहे ते दोरीने पाहून लिहून ठेवा, मोटर बंद ठेवा आणि सकाळी पुन्हा मोजा. वीस फूट व्यासाच्या विहिरीत फूटभर पाणी म्हणजे जवळपास 8,900 लिटर. रात्रभरात आठ फूट चढले तर विहीर रोज सुमारे 71,000 लिटर देते. हरभऱ्याला तुषार संचाने (स्प्रिंकलरने) एका पाळीत 40 मिलिमीटर देणे पुरेसे आहे. ते एकरी 1 लाख 62 हजार लिटर होते. पाच एकरांच्या दोन पाळ्यांना 16 लाख लिटर लागतील. रोजच्या 71,000 लिटरांप्रमाणे ही तेवीस दिवसांची मोटर आहे, आणि नोव्हेंबर व डिसेंबर मिळून आपल्याकडे साठ दिवस आहेत. याच विहिरीवर आपण मागच्या वर्षी दीड एकर हरभरा भिजवला आणि पाणी कमी पडले, असे लिहिता. ते पाणी दांडाने मोकाट सोडलेले होते, हे मी न पाहता सांगू शकतो.

हरभऱ्याच्या पाण्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण चुका इथेच होतात. काळ्या जमिनीला भेगा पडेपर्यंत वाट पाहून मग पाणी सोडले तर पाणी भेगांतून खाली निघून जाते, वाफा भरता भरत नाही, आणि मोकाट पाण्याने हरभरा उभळतो (पिवळा पडून मरतो). भेग पडण्याआधी, माती मुठीत दाबली की गोळा होतो पण हाताला चिखल लागत नाही, अशा ओलीवर हलके पाणी द्यावे. तुषार संच किती पाणी देतो हे त्याच्या कागदावर पाहू नका. एकसारख्या उभ्या काठांचे सात-आठ रिकामे डबे तोट्यांच्या मध्ये वेगवेगळ्या अंतरावर ठेवा, एक तास संच चालवा, आणि प्रत्येक डब्यातले पाणी मोजपट्टीने मिलिमीटरात मोजा. सरासरी दहा आली तर चार तासांत चाळीस झाले, संच उचलून पुढे न्या. कडेच्या डब्यात पाच आणि मधल्यात पंधरा येत असतील तर दाब कमी आहे किंवा तोट्या दूर आहेत. दुपारच्या वाऱ्यात संच चालवला तर धुऱ्यापलीकडचा शेजारी फुकट भिजतो. तुरीला फूल भरात असताना पाणी देऊ नका, फुलगळ होते. कळी धरताना एक आणि शेंगा भरताना एक पाणी पुरते, तेही ओल नसेल तरच.

शेततळ्याबद्दल माझे मत कृषी सहायकांपेक्षा थोडे वेगळे आहे. शेततळे चांगलेच आहे. 2016 पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतून ते पुष्कळ वावरांत झाले आणि अनेकांचे ऑगस्टमधले सोयाबीन त्यावर वाचले. परंतु कोणते तळे कुठे, हे जमिनीवर ठरते. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणीच खारे, ते वापरले की जमीन चोपण (क्षारांनी घट्ट व निकस) होते, म्हणून तिथे पावसाचे गोडे पाणी तळ्यात साठवण्याला पर्याय नाही, आणि तिथली चिकण माती इतकी घट्ट की अस्तराशिवाय पाणी टिकते. आपल्याकडे चार-पाच फुटांवर मुरूम लागतो. अस्तराशिवाय तळे केले तर पाणी राहणार नाही, आणि अस्तर घातले तर ते पाणी जमिनीत जाणार नाही. माझ्या मते आपल्या जागी न राहणारे पाणीच अधिक उपयोगाचे आहे. बरडाच्या खालच्या कडेला, विहिरीच्या वर, 20 मीटर बाय 20 मीटर बाय 3 मीटरचे अस्तर नसलेले तळे खोदावे. त्यात सुमारे पावणेनऊ लाख लिटर मावतात. पावसाळ्यात ते तीन वेळा भरले आणि मुरले तर 26 लाख लिटर मुरमातून विहिरीच्या दिशेने गेले. हरभऱ्याच्या दोन पाळ्यांना लागणाऱ्या 16 लाखांशी हे ताडून पाहा. मुरलेले सगळे पाणी आपल्याच विहिरीत येईल असे नाही. काही शेजाऱ्यांकडेही जाईल, त्याबद्दल मन मोठे ठेवावे लागेल.

तळ्यात पाणी घेताना तोंडाशी चार फूट लांब-रुंद आणि तीन फूट खोल गाळाचा खड्डा ठेवा, म्हणजे माती तिथेच बसेल. दर उन्हाळ्यात तो खड्डा आणि तळ्याचा तळ दोन्ही खरवडावे लागतील, नाही तर तळावर गाळाचा थर बसून मुरणे थांबते. निघालेला गाळ बरडावर पसरावा. गावतलावातला गाळ मिळत असेल तर तोही घ्यावा. 2017 पासूनच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत पुष्कळ कास्तकारांनी तो नेला आहे. बरडावर तो चांगला. भारी जमिनीवर मात्र गाळ टाकून तिला अजून भारी करू नका. नाल्याचे गढूळ पाणी पाइपाने थेट विहिरीत सोडण्याचा उद्योगही काही जण करतात. त्याने दोन पावसाळ्यांत विहिरीचे झरे लिंपले जातात. पुनर्भरण करायचेच तर दगड, गिट्टी आणि वाळूचे थर दिलेल्या खड्ड्यातून गाळूनच पाणी विहिरीत सोडावे.

पुढे कधी प्लॅस्टिकचे तळे घेतलेच तर दोन गोष्टी. विहिरीतले पाणी उपसून त्यात भरून ठेवू नका. जमिनीखाली झाकून असलेले पाणी उन्हात आणून ठेवण्यासारखे ते आहे. 900 चौरस मीटर पृष्ठभागावरून रोज चार मिलिमीटर उडाले तरी 3,600 लिटर जातात, आणि मे महिन्यात बारा मिलिमीटर उडाले तर जवळपास अकरा हजार. दुसरी गोष्ट, काठाला कुंपण आणि तळ्यात चारही बाजूंनी सोडलेली गाठींची दोरी व हवा भरलेली ट्यूब पाहिजेच. प्लॅस्टिकवर शेवाळ आले की पोहता येणारा माणूसही वर येऊ शकत नाही. अशा दोन घरी मी भेटायला गेलो आहे.

ठिबक आणि सौर पंप यांबद्दल आपण शेवटी विचारले आहे. पऱ्हाटी घेणार असाल तर ठिबक उत्तम. सोयाबीन आणि हरभऱ्याला तुषार संचच सोयीचा. ठिबकने पाणी वाचते हे खरे, पण मी पाहिलेल्या दहांपैकी सात-आठ वावरांत वाचलेल्या पाण्यावर लगेच दोन एकर ओलीत वाढवले गेले आणि विहीर पूर्वीइतकीच, क्वचित आधीपेक्षा लवकर आटली. सौर पंपाने रात्रीचे पाणी देणे सुटले, साप-विंचवाची भीती गेली, ही मोठी गोष्ट आहे. परंतु वीजबिल नाही म्हणून सूर्य आहे तोवर मोटर चालू ठेवायची, ही सवय लागायला एक हंगाम पुरतो. विहीर मोजायची, वर सांगितलेली गाठींची दोरी सौर पंपाच्या खांबालाच टांगून ठेवा.

संत्र्याचे उत्तर कठोर आहे. सहा मीटर बाय सहा मीटर अंतराने एकरी सुमारे 110 झाडे बसतात, आणि वाढलेल्या झाडाला मे महिन्यात रोज दीडशे लिटरांच्या आसपास पाणी लागते. हे एकरी रोज साडेसोळा हजार लिटर, महिन्याला पाच लाख, आणि तेही आपली विहीर कोरडी असताना. मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला येणारा फुलोरा, घेतला तर उन्हाळ्यात झाडांना ताण द्यावा लागतो आणि पाण्याची गरज कमी होते, पण कलमे लहान असताना चार-पाच वर्षे उन्हाळा काढावा लागतोच. त्यात आपली पाच एकर जमीन भारी आहे. निचरा नसलेल्या भारी जमिनीत संत्र्याला मूळकूज आणि डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) लागतो. बरडावर निचरा आहे, पण खोली नाही. मेहुण्यांना नम्रपणे नाही म्हणा. बांधावर चार लिंबे लावायची असतील तर लावा.

पूर्व विदर्भातले नातेवाईक आपल्याला वेगळाच सल्ला देतील, आणि तोही त्यांच्या जागी बरोबर असेल. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत धानाच्या बांधीत (खाचरात) पाणी उभे ठेवायचे असते, आणि तिथे कोहळी समाजाने बांधलेले मालगुजारी, म्हणजे गावच्या जमीनदारांच्या मालकीचे, तलाव व वावरातल्या बोड्या (छोटी तळी) अनेक पिढ्यांपासून ते काम करत आले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि देखभाल करणारा मालक राहिला नाही. त्यातले बरेच गाळाने भरले. ती व्यवस्था आपल्या उताराच्या काळ्या वावरात उचलून आणता येत नाही, परंतु तिच्यातली एक गोष्ट आणता येते: पाणी किती सोडायचे हे गाव बसून ठरवत असे.

आपल्या नाल्यावर वर-खाली आपल्यासकट अकरा विहिरी आहेत, असे आपण लिहिले आहे. त्यांतल्या दोघांनी उन्हाळी भुईमूग लावला तर बाकीच्या नऊ विहिरींचे पाणी त्या दोन मोटरींकडे सरकते, आणि वर सांगितलेल्या दोन टक्क्यांच्या खडकात ते फार लवकर सरकते. धरणाचा पाट आपल्या शिवारात नाही. विदर्भाच्या सिंचनाचा अनुशेष 1984 च्या दांडेकर समितीने मोजून दाखवल्यालाही चार दशके झाली, म्हणून त्याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. अकरा जणांनी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आपापल्या विहिरीची पातळी दोरीने मोजून एका वहीत लिहावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही आपल्या निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजते, तेच चार महिने तुम्हीही ठेवा. पहिल्या वर्षी वहीवरून भांडण होईल. तिसऱ्या वर्षी भुईमूग लावणारा आधी वही पाहायला येईल. असे मी दोन गावांत पाहिले आहे, आणि चार गावांत वही हरवलेलीही पाहिली आहे.

तेव्हा हाती असलेला पैसा असा लावा. या उन्हाळ्यात काळ्यात ढाळीचे बांध व सांडवे आणि बरडावर समपातळी बांध. त्यातून उरले तर विहिरीच्या वरचे बिनअस्तराचे तळे, नाही तर ते पुढच्या वर्षी. एक तुषार संच अनुदानातून, त्यासाठी महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर आत्ताच अर्ज करा. बोअरचा विचार दोन हंगामांच्या मोजमापांनंतर, आणि भावाला तोवर थांबायला सांगताना दोरीचे काम त्यांच्याकडेच द्या. नोव्हेंबरमध्ये रात्रभरात विहीर किती फूट चढली तो आकडा मला कळवा. तो पाच फुटांच्या आत असेल तर हरभरा पाच एकरांऐवजी तीन एकरच पेरायचा आणि उरलेल्या दोन एकरांत जवस किंवा करडई घ्यायची, ते आपण तेव्हा ठरवू.